आला बींचे वसतिगृह

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेत एक प्रसंग हमखास घडतो. पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीच्या वालिदांना आम्ही समजावतो, की पुढच्या शिक्षणासाठी शहरात मुलींचे वसतिगृह आहे. गेल्या वर्षी एका वालिदांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, रात्री तिथं मुलींजवळ कोण असतं?" आम्ही बी.एड. झालेले, पण या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. मुलगी घरीच बसली.

अलीगढचे नाव निघाले की आपल्याला सर सय्यद आणि 1875 साली सुरू झालेला त्यांचा मदरसा आठवतो. तिथे मुलांच्या राहण्याचीही सोय होती. मुलींचे काय? सर सय्यद यांनी 1882 साली शिक्षण आयोगापुढे सांगितले, की आधी पुरुष शिकू देत, मुलींच्या शाळांची वेळ अजून आलेली नाही. एवढ्या मोठ्या माणसाचे हे मत आम्हाला नेहमीच खटकत आले आहे. आदर आहे म्हणून ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

हे काम केले ते त्याच कॉलेजात शिकलेल्या शेख अब्दुल्ला नावाच्या वकिलाने आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी. 1904 साली त्यांनी 'खातून' हे मासिक काढले, 1906 साली अलीगढ शहरात भाड्याच्या घरात शाळा उघडली. मुली पाच-सात, उस्तानी एक. पडदे लावलेल्या डोलीतून मुली यायच्या. कुरआन, उर्दू, हिशेब, शिवणकाम असा अभ्यास. डोलीच्या अंतरावर राहणाऱ्या मुलींपुरतीच ही शाळा होती, म्हणून वसतिगृह हवे होते. याला बाहेरच्यांचा विरोध झालाच, पण कॉलेजच्या कारभाऱ्यांतही धास्ती होती, की मुलांच्या कॉलेजजवळ मुलींचे वसतिगृह कसे चालेल! तरीही 1911 साली पायाभरणी झाली आणि 1914 साली भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याआधीपासून त्या शाळेला दरमहा शंभर रुपये देत होत्या.

इमारत उभी राहिली, भिंती उंच झाल्या, पण शरीफ घराण्यांचा विश्वास भिंतींवर बसत नसतो. तेव्हा वहीद जहाँ बेगम स्वतःचे घर सोडून वसतिगृहात राहायला गेल्या. सुरुवातीच्या थोड्या मुलींतही बऱ्याचशा घरच्या नि नात्यातल्याच होत्या. आपल्या मुली जिथे ठेवणार नाही तिथे दुसऱ्याच्या कशा मागायच्या? मुली त्यांना 'आला बी' म्हणत आणि शेख साहेबांना 'पापा मियाँ'. मुलींचे खाणेपिणे, आजारपण, सगळे आला बी पाहत. हळूहळू दूरदूरच्या गावांहून मुली येऊ लागल्या.

हे सगळे आम्ही त्या वालिदांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, "अशी बाई दाखवा, उद्याच पाठवतो."

त्याच सुमारास आपल्याकडे पुण्याजवळ हिंगण्याला अण्णासाहेब कर्वे यांचा आश्रम उभा राहत होता. तिथेही प्रश्न पैशांइतकाच लोकांच्या भरवशाचा होता.

शाळेचे पुढे कॉलेज झाले, 1937 साली पदवीचे वर्ग निघाले. आला बी 1939 साली वारल्या. पापा मियाँ 1965 पर्यंत हयात होते. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली. 1932 च्या 'अंगारे' या कथासंग्रहात तिचे लिखाण आल्यावर केवढे वादळ उठले! घरच्याच मुलीमुळे संस्थेवर बोट ठेवायला लोकांना निमित्त मिळाले, पण शाळा बंद पडली नाही.

इस्मत चुगताई याच वसतिगृहात राहून शिकल्या. अलीगढला पाठवले नाही तर घरातून पळून मिशनच्या शाळेत जाईन, असा दम त्यांनी वडिलांना भरला होता. पुढे त्या मुंबईला आल्या आणि महापालिकेच्या शाळांच्या निरीक्षक झाल्या. आमच्यासारख्या उर्दू मास्तरांच्या वह्या तपासायला अलीगढच्या वसतिगृहातली मुलगी येत होती, हे आमच्या शिक्षकखोलीत फारसे कोणाला ठाऊक नाही.