खोक्यावरचं नाव नको, चिप बघा

सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचं युनिक्स वर्कस्टेशन घेणाऱ्याला सुटे भाग निवडण्याची कटकट नव्हती. प्रोसेसर, डिस्क, पडदा आणि खुद्द युनिक्स, सगळं एकाच कंपनीने जुळवून दिलेलं असायचं. किंमत मात्र विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची. पीसी स्वस्त, पण त्याचं प्रत्येक कार्ड वेगळ्या घरचं. कोणतं कार्ड युनिक्सवर चालेल याच्या याद्या करण्याची रीत या फरकातून निघाली.

१९८५मध्ये इंटेलचा ८०३८६ आला. त्यात पेजिंगची सोय होती, त्यामुळे पीसीवर पुरतं युनिक्स चालवणं शक्य झालं. बर्कलीचं युनिक्स, म्हणजे बीएसडी, त्यावर कसं आणलं हे विल्यम आणि लिन जॉलिट्झ या दांपत्याने जानेवारी १९९१पासून ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मधल्या लेखमालेत सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे लिनक्सची, बातमी दिली, आणि एटी हार्डडिस्कखेरीज तिच्यावर बहुधा दुसरं काही चालणार नाही, हेही सांगून टाकलं, कारण त्याच्याकडे तेवढंच होतं. पुढच्या सगळ्या याद्यांचं मूळ मला इथे दिसतं. ज्याच्या टेबलावर जे कार्ड, त्याचा ड्रायव्हर तोच लिहिणार. बाकीच्यांनी खरेदीआधी विचारून घ्यायचं. लिनक्सच्या ‘हार्डवेअर हाउटू’त अशीच एकेका वापरणाऱ्याच्या अनुभवाची भर पडत गेली.

यादीतलं हमखास नाव म्हणजे नोव्हेलचं एनई२००० इथरनेट कार्ड. ते काही उत्तम नव्हतं. डेटा इकडून तिकडे नेण्याची हमाली ते प्रोसेसरकडूनच करून घ्यायचं. पण त्यातली नॅशनल सेमीकंडक्टरची ८३९० चिप कशी चालते हे छापील माहितीपत्रकात मिळत होतं, म्हणून त्याच्या स्वस्त नकला ढिगाने निघाल्या आणि एकाच ड्रायव्हरवर बहुतेक चालल्या. कार्डावरचे इवलेसे जम्पर हलवून पत्ता हेक्समध्ये ३०० आणि आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) ५ ठेवायचा. आयआरक्यू ३ ठेवला, तर दुसऱ्या सीरियल पोर्टशी भांडण ठरलेलं. लिनक्सचे सुरुवातीचे बरेचसे इथरनेट ड्रायव्हर डोनाल्ड बेकरने लिहिले. नासाच्या गॉडर्ड केंद्रात १९९४मध्ये तो आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १६ प्रोसेसरांचा पहिला ‘बेओवुल्फ’, म्हणजे एकत्र जोडलेल्या साध्या संगणकांचा समूह, उभारला, तोही बाजारात मिळणाऱ्या ४८६ यंत्रांचा.

डायमंडची ग्राफिक्स कार्डं मात्र वेगवान असूनही यादीबाहेर राहिली. त्यांवरची क्लॉक चिप कशी चालवायची ही माहिती कंपनी खुली करेना. तेव्हा पीसीवरच्या युनिक्सला पडद्यावर चित्र देणाऱ्या एक्सफ्री८६ प्रकल्पाच्या मंडळींनी त्या कार्डांना आधार द्यायचंच नाकारलं आणि कारण आपल्या कागदपत्रांत उघडपणे लिहिलं. पुढे कंपनीने धोरण बदललं. गिऱ्हाइकाला आधीच सावध करण्याचा हा रोखठोकपणा मला फार मोलाचा वाटतो.

नुसत्या मॉडेलच्या नावावरही विसंबता येत नसे. लिंक्सिसच्या एलएनई१००टीएक्स कार्डात आधी डिजिटल इक्विपमेंट (डेक) कंपनीची ‘ट्युलिप’ चिप होती, नंतर लाइट-ऑनची आली, मग एडीएमटेकची. नाव मात्र तेच राहिलं. म्हणून जाणकार दुकानात कार्ड हातात घेऊन चिपवरचे आकडे वाचायचे.

कार्डं जोडण्याची पीसीआय ही नवी पद्धत आल्यावर हे काम सोपं झालं. प्रत्येक कार्ड आपला उत्पादक आणि चिप क्रमांकाने सांगू लागलं. इंटेलने स्वतःसाठी आपल्या जुन्या प्रोसेसरचा ८०८६ हाच क्रमांक घेतला. ड्रायव्हर कोणते क्रमांक ओळखतो हे त्याच्या कोडमध्येच लिहिलेलं असल्याने यादीचा मोठा भाग कर्नलमध्येच जाऊन बसला.

माहिती दडवण्याची खोड वायफाय चिपच्या काळातही टिकली. चिपची कागदपत्रं खुली करा, म्हणून ओपनबीएसडीच्या थिओ द राट याने कंपन्यांचा पिच्छा पुरवला आणि २००४चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार त्याला मिळाला. आजही लॅपटॉपवर बीएसडी घालायचं तर आधी वायफायची चिप कोणाची हे विचारावं लागतं.