पिकअपचा हौदा

भोपाळच्या अरेरा कॉलनीत बिट्टन मार्केटला भाजी उतरविणारा पिकअप आणि एखाद्या बंगल्यापुढे उभा असणारा चार दारांचा चकचकीत पिकअप यांचे कूळ एकच. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडला, तो माल वाहण्यासाठी. १९३४ साली ऑस्ट्रेलियात ल्यू बँट याने अशीच गाडी आखली. रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरे बाजारात पोचवील अशी गाडी द्या, अशी मागणी एका शेतकऱ्याच्या पत्नीने केली होती, असे सांगतात. म्हणजे काम आणि घरची सोय यांची सांगड जुनीच आहे.

आपल्याकडे १९८८ साली टाटा मोबाइल हा पिकअप निघाला आणि १९९१ साली त्याच्याच पायावर सिएरा ही हौसेची मोटार उभी राहिली. उलट, २००५ चा टाटा एस पाऊण टन ओझ्यासाठीच जन्मला. २०२२ साली भारतात आलेल्या हायलक्समध्ये पाच जण बसतात. गाडीची लांबी तीच ठेवून बैठक वाढविली, की हौदा आखूड होतो. घडविणाऱ्याचा कल तेथे कळतो.

तथापि खरा निवाडा वापराचा. बंगल्यापुढची गाडी बंद पडली तर सहल चुकते. भाजीवाल्याची बंद पडली तर चूल थंडावते.