पुस्तकावर लिहू नये

शाळेत शिकवत असताना माझा एक नियम फार कडक होता. पाठ्यपुस्तकावर लिहायचं नाही. तेव्हा पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाकडे जायचं, नाहीतर अर्ध्या किमतीत शेजारच्या मुलाकडे. त्यामुळे समासात नावं गिरवणं, थोर पुरुषांच्या चित्रांना मिशा काढणं, या सगळ्यावर माझी करडी नजर असे. एकदा सातवीतल्या एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात, भारताच्या नकाशावर, अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या जरा वर एक बेट काढलेलं दिसलं. शिसपेन्सिलीने, पण अगदी नीट. किनारा, एक नदी, राजधानीचा ठिपका, आणि वर नाव. मी तिच्या हातात खोडरबर दिलं. तिने मुकाट्याने खोडलं. विषय संपला.

संपला असं मला वाटलं होतं. तो पुन्हा आठवला, त्याचं कारण सांगते.

निवृत्तीनंतर मी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं सावकाश वाचायची सवय लावून घेतली. ब्राँटे भगिनींविषयी वाचताना एका ठिकाणी 'अँग्रिया' असा शब्द आला आणि मी थबकले. इतिहास शिकवलेल्या माणसाला हा शब्द परका नाही. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत आपल्या आंग्र्यांचं नाव असंच लिहितात. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तो या 'अँग्रिया'कडून, म्हणजे तुळाजी आंग्र्यांकडून. स्पेलिंग अगदी तेच! चार पानांनंतर 'गोंडल' आलं. ते तर सौराष्ट्रातलं संस्थान. हा काय प्रकार आहे म्हणून पुढे वाचत गेले, तर ही राज्यं ना कोकणातली ना काठेवाडातली. इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या हॉवर्थ नावाच्या माळरानावरच्या गावी, चर्चजवळच्या एका घरात चार मुलांनी ती वसवली होती.

वडील पॅट्रिक ब्राँटे हे तिथले धर्मोपदेशक. १८२० साली ते सहा मुलांना घेऊन हॉवर्थला आले. पुढच्याच वर्षी मुलांची आई गेली. १८२५ साली मारिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या मुली शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने गेल्या. राहिली चार. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन. (आपल्याकडे पेशवाई बुडाली ते १८१८ हे साल एमिलीच्या जन्माचं. म्हणजे काळाचा अंदाज येईल.)

जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. सकाळी तो पेटी घेऊन बहिणींच्या दारात उभा राहिला. शार्लटने झडप घालून सगळ्यांत देखणा शिपाई उचलला आणि त्याचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आपला आर्थर वेलस्ली! आम्ही ज्याला धड्यात शत्रू म्हणून शिकवला, तो दहा वर्षांच्या त्या मुलीचा आराध्यदैवत होता. ब्रॅनवेलने आपल्या शिपायाचं नाव ठेवलं बोनापार्ट. एमिली आणि अ‍ॅनच्या शिपायांना पुढे पॅरी आणि रॉस या उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या दर्यावर्दींची नावं मिळाली.

शिपाई आले की त्यांना देश हवा. देश कुठे वसवायचा? घरात गोल्डस्मिथ या नावाने निघालेलं भूगोलाचं एक शालेय पुस्तक होतं, वर्तमानपत्रं येत, ब्लॅकवुडचं मासिक वाचायला मिळे. मुलांनी पश्चिम आफ्रिकेचा किनारा निवडला. बारा शूरवीर जहाजातून उतरले, लढले, आणि त्यांनी एक भव्य शहर बांधलं. काचनगरी, इंग्रजीत ग्लासटाऊन. भोवती वेलिंग्टनचा, पॅरीचा, रॉसचा आणि ब्रॅनवेलच्या स्नीकी या राजाचा अशी चार राज्यं, आणि चौघांचं मिळून एक संघराज्य. ब्रॅनवेलने त्याचा रंगीत नकाशा काढला. काचनगरीत पार्लमेंट होतं, सरदार होते, बंडखोर होते, छापखाने होते. मासिकही होतं. काडेपेटीएवढ्या आकाराचं, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत लिहिलेलं, त्या शिपायांच्या हातात शोभेल असं. त्यातल्या १८३० सालच्या एका अंकासाठी २०१९ साली पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंची बोली लागली, आणि तो हॉवर्थच्या त्याच घरात, आता संग्रहालय झालेल्या, परत आला.

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. आम्ही हे तीन विषय शिकवतो आणि मुलं कंटाळतात. इथे चार मुलांनी तिन्ही विषय स्वतः तयार केले होते, आणि परीक्षा कोणी घेणार नव्हतं.

पण इतिहासाच्या मास्तरणीला एक प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. त्या किनाऱ्यावर आधी कोण राहत होतं? मुलांना ते ठाऊक होतं. अशांटी लोक. जानेवारी १८२४ मध्ये अशांटींनी इंग्रज गव्हर्नर मॅकार्थीला लढाईत ठार केलं होतं, आणि १८२६ च्या ऑगस्टमध्ये, शिपाई घरात आले त्याच उन्हाळ्यात, अशांटींचा मोठा पराभव झाला. घरात येणारं वर्तमानपत्र मुलांच्या खेळात उतरलं. खेळातही अशांटी हरले आणि त्यांच्या भूमीवर काचनगरी उभी राहिली. जमीन कोणाची, हे चौघांपैकी कोणी विचारलं नाही. कसं विचारणार? जेवणाच्या टेबलाशी मोठी माणसं विचारत नव्हती.

तरीही एक गंमत आहे. त्यांच्या कथेत क्वाशिया नावाचा एक अशांटी राजपुत्र येतो. बाप लढाईत मेलेला, वेलिंग्टनच्या घरी लहानाचा मोठा झालेला. मोठेपणी तो बंड करतो आणि पुन्हा पुन्हा चालून येतो. मुलांनी त्याला खलनायकच ठरवलं आहे. पण त्याच्या बंडाचं कारण मात्र त्यांनी आपल्याच हाताने लिहून ठेवलं आहे. बालमनाला जे कळलं ते लेखणीतून निसटलं, असं मला वाटतं.

१८३४ साली काचनगरीच्या पूर्वेला नवं राज्य निघालं, तेच हे अँग्रिया. राजा झामोर्ना, वेलिंग्टनचा मुलगा. तो शार्लटचा. मुख्य प्रधान नॉर्थँगरलंड, राजाचा सासरा आणि पुढे राजाविरुद्ध उठणारा. तो ब्रॅनवेलचा. सात प्रांत, राजधानी एड्रियानोपोलिस, निशाणावर उगवता सूर्य. यादवी युद्ध झालं, राजाला परागंदा व्हावं लागलं. शार्लट नोकरीवर दूर असताना ब्रॅनवेलने राणी मेरीला कथेत मारून टाकलं. शार्लटने ते मानलंच नाही. तिने पुढच्या लिखाणात राणीला जिवंतच ठेवलं.

इथे मला त्यांच्या राज्यघटनेतलं सगळ्यांत महत्त्वाचं कलम सापडलं. सुरुवातीच्या खेळात चारी मुलं स्वतः जिन होती, अरबी सुरस गोष्टींतल्यासारखे. राजांच्याही वर त्यांची सत्ता. आणि त्या सत्तेतला मुख्य अधिकार हा, की मेलेल्या शिपायाला पुन्हा जिवंत करता येई. खेळात तसं लागतंच, नाहीतर बारा शिपाई किती दिवस पुरणार? पण ज्या घरातून चार वर्षांत आई आणि दोन बहिणी गेल्या, त्या घरातल्या मुलांनी राज्य स्थापताना पहिला अधिकार हा घेतला. मी यावर अधिक काही लिहीत नाही.

शार्लट १८३५ ते १८३८ रो हेडच्या शाळेत शिक्षिका होती. तिची तेव्हाची टिपणं वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. वर्गात बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अँग्रिया उभं राहायचं, आणि नेमकी त्याच वेळी एखादी मठ्ठ मुलगी धडा घेऊन पुढ्यात यायची. शार्लटला अक्षरशः मळमळायचं! आम्ही शिक्षक लोक हे कबूल करत नाही, पण खिडकीबाहेर बघणारी फक्त मुलंच असतात असं नाही. १८३९ च्या सुमारास तिने अँग्रियाचा निरोप घेतला. त्या तळपत्या प्रदेशात फार राहिले, आता जरा करड्या, थंड पहाटेच्या मुलखात जावंसं वाटतं, अशा अर्थाचं तिने लिहून ठेवलं आहे. आठ वर्षांनी 'जेन एअर' आली. ब्रॅनवेल मात्र त्या मुलखातून कधी बाहेर पडलाच नाही. वर्तमानपत्रात छापलेल्या आपल्या कवितांखाली तो 'नॉर्थँगरलंड' अशी सही करायचा. दारू आणि अफूने पोखरलेला तो मुलगा १८४८ साली एकतीस वर्षांचा असताना गेला.

आता गोंडल. मोठ्या दोघांच्या राज्यात आपलं काही चालत नाही असं पाहून एमिली आणि अ‍ॅन फुटून निघाल्या आणि त्यांनी स्वतंत्र राज्य काढलं. तिथे राण्या होत्या, सम्राज्ञी होत्या, तुरुंग होते, राजनिष्ठ आणि प्रजासत्ताकवादी यांचं युद्ध होतं. १८३४ च्या त्यांच्या एका रोजनिशीच्या चिठोऱ्यात गोंडलचे लोक नव्या बेटाचा अंतर्भाग शोधत आहेत, आणि त्याच पानावर स्वयंपाकघरातली म्हातारी टॅबी अ‍ॅनला बटाटे सोलायला बोलावते आहे. १८३७ च्या चिठोऱ्यात गोंडलमधल्या राज्याभिषेकाची तयारी आहे, आणि तिथेच नोंद आहे की या महिन्यात व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. दोन्ही बातम्या सारख्याच महत्त्वाच्या! १८४५ साली दोघी बहिणी यॉर्कला दोन दिवस फिरायला गेल्या. एमिली सव्वीस वर्षांची, अ‍ॅन पंचवीस. वाटभर दोघी गोंडलमधली पात्रं होऊन राजनिष्ठांना जाऊन मिळण्यासाठी निसटत होत्या.

एमिली १८४८ च्या डिसेंबरात गेली, अ‍ॅन १८४९ च्या मे महिन्यात. एमिलीच्या गोंडलच्या कविता राहिल्या. पण दोघींनी वर्षानुवर्षं लिहिलेला गोंडलचा गद्य इतिहास, ती युद्धं, ती चरित्रं, यांतलं एक पानही आज उरलेलं नाही.

मग हा देश कुठे होता, हे आपल्याला कसं कळतं? त्या गोल्डस्मिथच्या भूगोलाच्या पुस्तकामुळे. पुस्तकाच्या शेवटी जगातल्या स्थळांची अकारविल्हे सूची होती. तिच्यात अ‍ॅनने आपल्या हाताने नोंदी घातल्या आहेत. गोंडल, उत्तर पॅसिफिकमधलं मोठं बेट. रेजायना, गोंडलची राजधानी. गाल्डाइन, दक्षिण पॅसिफिकमध्ये नुकतंच सापडलेलं मोठं बेट. त्यातली पाच राज्यं, पैकी उला या राज्यावर चार राजांची मिळून सत्ता. झेडोरा हा मोठा प्रांत, कारभार व्हाइसरॉयकडे. (हिंदुस्थानला व्हाइसरॉय मिळायला अजून १८५८ उजाडायचं होतं.) खऱ्या देशांच्या आणि शहरांच्या ओळीत, जिथे अक्षरानुक्रमे यायला हवं तिथे, छापील पुस्तकात. शासन, भूगोल, सगळं. गोंडलचा नकाशा आज जो काही काढता येतो, तो मुख्यतः या नऊ ओळींच्या आधारावर.

आणि आणखी एक भूगोलाचं पुस्तक आहे. बारा वर्षांच्या शार्लटने मार्च १८२९ मध्ये 'या वर्षाचा इतिहास' नावाचं छोटं टिपण लिहिलं. बारा शिपायांची हकिकत त्यातच आहे. पण ते सुरू होतं एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकाने. वडिलांनी ते मारियाला, गेलेल्या थोरल्या बहिणीला, वाचायला दिलं होतं, आणि मारियाने कोऱ्या पानावर तसं एक वाक्य लिहून ठेवलं होतं. ते पुस्तक आत्ता माझ्यासमोर आहे, असं शार्लट लिहिते. मग इतिहास सुरू होतो.

त्या घरात पुस्तकावर लिहू नये असा नियम असता, तर?

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने बेटाला नाव दिलं होतं. मी ते वाचलंही होतं. कितीही आठवलं तरी आठवत नाही. कदाचित तिलाही आता आठवत नसेल. घरोघरी नातवंडांची पुस्तकं असतील. मुलांनी त्यात काही काढलेलं दिसलं, तर खोडरबर देण्याआधी निदान राजधानीचं नाव विचारून घ्या, एवढीच एका जुन्या बाईंची विनंती.