शब्दवेध : बिन आणि वलद

करवीर तालुक्यातल्या कळंब्यासारख्या गावचा जुना मोडी कागद उघडला, की दोन नावांच्या मध्ये 'बिन' नाहीतर 'वलद' भेटतो. 'राणोजी बिन संताजी' म्हणजे संताजीचा मुलगा राणोजी. मोल्सवर्थच्या 1857च्या कोशातही हे दोन्ही शब्द आहेत. महसुली कागदात दोघांचं काम एकच, अरबीत मात्र दोघांची कुळं वेगळी.

'बिन' हे 'इब्न'चं रूप. त्याचा पैस मोठा आहे. अरबीत वाटसरूला 'इब्न अस्‌-सबील' म्हणतात, म्हणजे वाटेचा पुत्र! 'वलद' आला तो 'जन्म देणे' या धातूतून. आपली 'अवलाद' त्याचीच बहीण.

ही दोन्ही कुळं धर्माच्या भाषेतही भेटतात. ईश्वराला अपत्य नाही आणि तो कुणाचं अपत्य नाही, असं कुराणाची 112वी सूरा सांगते ती 'वलद'च्याच धातूच्या रूपांनी. अरब ख्रिस्ती येशूला ईश्वराचा 'इब्न' म्हणतात. हे पुत्रत्व शरीराचं नाही, अनादि आहे, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण. 325च्या निकिया परिषदेनेही पुत्र 'जन्मलेला' पण 'निर्मिलेला नव्हे' असा भेद केला.

कुराण 'इब्न' हा शब्दही ईश्वराच्या बाबतीत नाकारतं आणि येशूला 'ईसा इब्न मरियम' असं आईच्या नावाने ओळखतं. तेव्हा मतभेद खराच आहे, निव्वळ शब्दांचा नाही. पण ख्रिस्ती लोक देवाला बायकापोरं चिकटवतात, हा समज मात्र चुकीचा आहे.