रस्त्यांचें भाकीत आणि रस्त्यांचा हिशेब

भविष्य सांगण्याचा धंदा एके काळीं जोशीबुवांचा होता. विसाव्या शतकांत तो वाहतुकीच्या गणितज्ञांनींहि उचलला. जोशीबुवांचें भाकीत चुकलें तर फार तर दक्षिणा फुकट जाते. परंतु वाहतुकीचें भाकीत चुकलें म्हणजे शहराची घडीच विसकटते. या विधानाचा प्रत्यय ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनीं लंडन शहराच्या इतिहासाकडे वळावें.

इ. स. १९२० मध्यें केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनीं लोककल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत एक साधें उदाहरण घेतलें. एकाच ठिकाणीं जाणारे दोन रस्ते आहेत. प्रत्येक गाडीवान स्वतःपुरता त्रास पाहून रस्ता निवडतो. आपल्या गाडीमुळें इतरांचा किती खोळंबा होतो, हें तो जमेस धरीत नाहीं. अशा वेळीं एका रस्त्यावर योग्य कर बसवून थोड्या गाड्या दुसरीकडे वळविल्या, तर सर्वांचा एकंदर त्रास कमी होईल, असें पिगूंचें म्हणणें. आपल्याकडे ज्याला ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार! प्रवास एकाचा, त्याच्या धुराची, गोंगाटाची, अपघातांची व खोळंब्याची किंमत मात्र भरावयाची दुसऱ्यांनीं.

१९६२ सालीं ब्रिटिश सरकारनें स्मीड यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. रस्त्याच्या वापराबद्दल वाहनांकडून प्रत्यक्ष आकार घेणें शक्य आहे, असा निर्वाळा तिनें १९६४ च्या अहवालांत दिला. पुढें सिंगापूरनें १९७५ सालीं असा आकार अमलांत आणला. लंडनमध्यें मात्र भाकिताचेंच राज्य चालू राहिलें. अमुक वर्षीं इतकीं वाहनें होणार, म्हणून इतके रस्ते हवेत, अशी त्याची रीत. रस्ता होवो वा न होवो, वाहनें तितकींच धांवणार, हें त्यांतील गृहीत. लंडनला वळसा घालणारा एकशें सतरा मैलांचा राजमार्ग १९८६ सालीं पुरा झाला, आणि थोड्याच वर्षांत तो अंदाजाबाहेर गजबजून गेला. नवा रस्ता स्वतःच नवी वाहतूक निर्माण करतो, हें १९९४ सालीं सरकारच्याच सल्लागार समितीनें मान्य केलें. सारांश, भाकितानें रस्ता झाला आणि रस्त्यानें भाकितासहि मागें टाकलें!

अखेर १७ फेब्रुवारी २००३ रोजीं लंडनच्या मध्यभागीं शिरणाऱ्या मोटारींवर दिवसाला पांच पौंड आकार बसला. पहिल्याच वर्षीं तेथें शिरणारीं वाहनें सुमारें १८ टक्क्यांनीं घटलीं. श्रीमंतास पांच पौंडांचें काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाहीं. परंतु हें उत्पन्न वाहतुकीच्या सुधारणेवरच खर्चावें असें कायद्याचें बंधन होतें, व त्याचा मोठा भाग बसगाड्यांसाठीं खर्च झाला, हेंहि विसरतां कामा नये. पुढें गर्दी पुन्हा वाढली, हेंहि खरें. कारण एकदां आकार बसविला म्हणजे कायमचें काम झालें, असें होत नाहीं.

तथापि सारा हिशेब पौंडांत मावत नाहीं. लंडनच्या एका वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ सालीं दम्यानें दगावली. तिच्या मृत्यूस दूषित हवा कारणीभूत झाली, असा निर्णय चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें २०२० सालीं दिला. ज्या मोटारींच्या धुरानें ती हवा बिघडली, त्यांतून जाणाऱ्या कोणीहि तिचें वाईट चिंतिलें नव्हतें. प्रत्येकजण पिगूंच्या गाडीवानाप्रमाणें आपापल्या कामास चालला होता, इतकेंच.

म्हणून वाचकहो, आपल्या शहरांतील एखाद्या नव्या उड्डाणपुलाचा अंदाज उद्यां वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां दोन प्रश्न अवश्य विचारा. पूल न बांधल्यास वाहनें किती धांवतील? आणि त्या पुलालगत ज्यांच्या खिडक्या उघडतात, त्यांच्या श्वासाचा खर्च कोणत्या पानावर मांडला आहे?