टुलेनचा टेपरेकॉर्डर आणि न्यू ऑर्लिन्सची जत्रा

न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवाला आज दरवर्षी लाखो लोक जातात. एप्रिल १९७० मध्ये तो पहिल्यांदा भरला, तेव्हा मैदानावरच्या जत्रेला प्रेक्षक जेमतेम साडेतीनशे होते असे सांगतात. वादक, गायक आणि खाद्यपदार्थ विकणारे मिळून त्याच्या सुमारे दुप्पट! पण त्या जत्रेत ड्यूक एलिंग्टन होता, याच शहरात जन्मलेली महालिया जॅक्सन होती. युरेका ब्रास बँड वाजत चालला असताना महालियाच्या हाती ध्वनिक्षेपक आला आणि ती बँडबरोबर गाऊ लागली, ही हकिगत अजून सांगितली जाते.

मी या महोत्सवाविषयी वाचू लागलो तो संगीताच्या ओढीने. वाचता वाचता हाती लागले एक विद्यापीठ, आणि मग त्याचाच पिच्छा पुरवला.

टुलेन विद्यापीठात १९५८ साली जॅझचे अभिलेखागार सुरू झाले. कल्पना रिचर्ड ॲलन या जॅझवेड्या विद्यार्थ्याची. म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेऊन प्रबंध लिहावा, असे त्याच्या मनात होते. इतिहास विभागाचे विल्यम होगन यांना हे काम एका प्रबंधाहून मोठे वाटले, आणि त्यांनी फोर्ड फाउंडेशनकडून पैसा मिळवला. पहिला अभिरक्षक म्हणून बिल रसेलला नेमले. हा मूळचा व्हायोलिनवादक आणि संगीतकार. जुन्या जॅझचे ध्वनिमुद्रण करण्यात त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली होती. रसेल आणि ॲलन टेपरेकॉर्डर उचलून वादकांच्या घरी जात. तुम्हाला कुणी शिकवले, पहिले वाद्य कुठून आणले, अंत्ययात्रेत कोणता बँड वाजे, असे साधे प्रश्न. बडी बोल्डनचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्याचा कॉर्नेट कसा वाजे, हे ज्यांनी तो कानांनी ऐकला होता अशांच्या तोंडून या फितींवर उतरले. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता, तर विचारायला फारसे कुणी उरले नसते. (हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेल्या, पण पडद्यावर क्वचितच नाव आलेल्या आपल्या गोमंतकीय वादकांची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.)

इथवर वाचून मी विद्यापीठावर खूश होतो. मग एक तारीख समोर आली. पॉल टुलेन या व्यापाऱ्याने १८८२ साली जी देणगी दिली, ती ‘गोऱ्या’ तरुणांच्या शिक्षणासाठी, असे शब्द घालून. त्या शब्दांचा आधार घेऊन विद्यापीठाने कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवले. प्रकरण न्यायालयात गेले आणि पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९६३ मध्ये. म्हणजे अभिलेखागाराची पहिली चार-साडेचार वर्षे अशी होती, की वृद्ध कृष्णवर्णीय वादकाचा आवाज विद्यापीठाच्या कपाटात जपून ठेवला जाई आणि त्याच्या नातवाला त्याच इमारतीत विद्यार्थी म्हणून बसता येत नसे. रसेल-ॲलन यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण ही तारीख गाळून अभिलेखागाराचे गोडवे गाणे मला जमत नाही.

शहराचेही तेच होते. न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव उभा करणाऱ्या जॉर्ज वाइनला न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलवाल्यांनी १९६२ मध्ये विचारले होते. पण मिश्र वाद्यवृंद चालत नव्हते, कृष्णवर्णीय कलावंताला चांगल्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, आणि खुद्द वाइनची पत्नी जॉइस कृष्णवर्णीय होती. बेत बारगळला. लुई आर्मस्ट्राँगही १९५६ पासून जवळजवळ दहा वर्षे आपल्या जन्मगावी वाजवायला आला नाही.

वाइन पुन्हा आला तेव्हा दशक संपत आले होते. नामवंतांना बोलावणे त्याला कठीण नव्हते. अडचण होती ती गल्लीबोळांतल्या वादकांची: कोण हयात आहे, कोण कुठे राहतो, कोणत्या चर्चमधला गायकवृंद चांगला? त्याने ॲलनला विचारले. ॲलनने दोन नावे सुचवली: अभिलेखागारात काम करणारी ॲलिसन मायनर आणि टुलेनचा विद्यार्थी क्विंट डेव्हिस. दोघेही विशीतले, गोरे, आणि रात्री-अपरात्री कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या क्लबांत जाऊन बसणारे. पहिल्या जत्रेतले स्थानिक कलावंत त्यांनी हिंडून गोळा केले. पुढच्या वर्षी डेव्हिसने प्रोफेसर लाँगहेअरला शोधून आणले. एके काळी शहराला नाचवणारा हा पियानोवादक तेव्हा एका रेकॉर्डच्या दुकानात झाडू मारत होता. पुढे मायनरने त्याच्या कार्यक्रमांची व्यवस्था सांभाळली.

टुलेनने महोत्सवाला मंडपही दिला नाही की मैदानही. त्याच्याकडून गेली ती ओळखपाळख, फिती जमवताना बारा वर्षांत साचलेली. विद्यापीठाच्या इतिहासात अशा देण्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

जागाही ध्यानात घेण्यासारखी होती. जत्रा भरली ती काँगो स्क्वेअरवर. गुलामगिरीच्या काळात रविवारी गुलाम तिथे जमून ढोल वाजवत, नाचत. १९७० मध्ये मात्र कागदोपत्री त्या चौकाला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या ब्युरेगार्ड या सेनापतीचे नाव होते. ते अधिकृतपणे बदलायला २०११ उजाडले.

१९७२ मध्ये महोत्सव शर्यतीच्या मैदानावर गेला आणि गर्दी वाढू लागली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी रोखठोक विचारले, की संगीत आमचे आणि कारभार कुणाच्या हाती? त्यानंतर विश्वस्तांत आणि जत्रेच्या मांडणीत काही बदल झाले. मला तो प्रश्न १९५८ च्या फितींपर्यंत मागे जाणारा वाटतो.

१९८८ मध्ये मायनरने महोत्सवात एक वेगळा मंच सुरू केला. तिथे मैफल दुय्यम. कलावंताला बसवायचे, आणि लोकांसमोर विचारायचे: कुणी शिकवले, पहिले वाद्य कुठून आणले, घरात आणखी कोण वाजवायचे? १९९५ मध्ये ती वारली. मंचाला आता तिचे नाव आहे, आणि मुलाखती अजून होतात.