लेकरं कुठं वाढवायची?

माझ्या वडिलांनी माण तालुक्यातलं गाव सोडलं ते एकट्यानं. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची रांग लागली. गडी कारखान्यात आणि बायकापोरं गावी, ही तेव्हाची रीत. चिंचवडच्या एकेका खोलीत पाच-सहा गाववाले आपापल्या पाळीप्रमाणे झोपायचे. पगार झाला की मनीऑर्डर गावाकडं जायची. गावी आजी-आजोबा होते, शेत होतं, भावकी होती. पोराला वळण तिथंच लागतं, असं घरोघरी ठाम मत होतं.

कायम नोकरीनं हे बदललं. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पिंपरीत कामगार वसाहत होतीच. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि निगडी-आकुर्डीकडं कामगाराला स्वतःचं घर दिसू लागलं. मग आईनं आम्हा भावंडांना शाळेसाठी इकडं आणलं. गाव मात्र सुटलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी गावीच, जत्रेला हजेरी ठरलेली. आणि तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली की सगळं घर दर्शनाला.

आज चाकणला मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले कंत्राटी तरुण पुन्हा तसेच खोल्या करून राहतात. अनेकांची लेकरं गावी आजीकडं. याला नुसती परंपरा म्हणणं अन्यायाचं आहे. माझ्या आईवडिलांना निवड करता आली, कारण नोकरी टिकण्याची खात्री होती. तीच खात्री या आईबापांनाही मिळायला हवी.